पीटीचा तास, नवा अभ्यासक्रम आणि कच्चा लिंबू

लोकलमध्ये लटकत, बसच्या खिडकीशी किंवा भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजच्या भागाचं लिखित रूप नेहमीप्रमाणे खाली देतोय. बोलतो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा भाग मुख्यतः आपल्या शिक्षक श्रोत्यांसाठी आहे. तुमच्यापैकी बरेच जण नुकतेच प्राथमिक शाळेत रुजू झालात. कुणी जिल्हा परिषदेत, कुणी खाजगी शाळेत. आणि तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येतोय: शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम बदलला म्हणे, मग आम्ही नक्की काय वेगळं करायचं? डीएडला थोडंफार होतं, पण आम्ही काही क्रीडाशिक्षक नाही.

मीही नाही. मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला. पण मी ज्या टीममध्ये आहे ती शाळांचं वेळापत्रक बनवणारं सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे शाळांची वेळापत्रकं रोज डोळ्यांसमोर असतात. आणि माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिच्याशी फोनवर झालेल्या वादावादीतून हा भाग तयार झालाय. मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो: नव्या अभ्यासक्रमात तासाचं यश चांगला खेळाडू किती पुढे गेला यावर मोजायचं नाही. वर्गातलं प्रत्येक मूल किती वेळ हललं आणि काय शिकलं, यावर मोजायचं.

आधी कागदावर काय बदललंय ते

पटकन सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० मध्ये. त्यात एक गोष्ट स्पष्ट होती की 'मुख्य विषय' आणि 'बाकीचे उपक्रम' अशा दोन पंगती मांडायच्या नाहीत. त्यावर आधारलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला. त्यात शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हे गणित, भाषा, विज्ञान यांच्यासारखंच एक पूर्ण विषयक्षेत्र आहे. २०२४ मध्ये एनसीईआरटीनं तिसरीसाठी 'खेल योग' आणि सहावीसाठी 'खेल यात्रा' ही पुस्तकं काढली. आपल्या राज्याचा आराखडाही पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं केला, आणि २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गापासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं सुरू झाला.

महाराष्ट्रात हे सगळं कोऱ्या पाटीवर आलेलं नाही. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' तुम्हाला माहीत असेलच. आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला, तिन्ही एकत्र. ते पुस्तक कपाटात असेल तर बाहेर काढा, त्यातले बरेच खेळ अजूनही कामाला येतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असायला हवं असं लिहिलंय. पण शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितलाय तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला वेगळा क्रीडाशिक्षक त्यात नाहीच. म्हणजे हा विषय शिकवणार वर्गशिक्षकच. तुम्हीच. आणि मला वाटतं हे वाईट नाही, कारण कोणतं मूल लाजतं, कोणाला दम लागतो, कोण कोणाशी बोलत नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता थोडं गणित

इंजिनिअर असल्यामुळे मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. चला, मोजू.

तास ३५ मिनिटांचा धरू. मैदानावर जाणं, रांगा, परत येणं यात १० मिनिटं गेली. राहिली २५. वर्गात ४० मुलं. आपण घेतली रिले शर्यत: दहा-दहाचे चार गट. एक मूल पळत जाऊन परत यायला १५ सेकंद. दहा मुलांची एक फेरी म्हणजे अडीच मिनिटं. अजिबात न थांबता २५ मिनिटं शर्यत चालवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा पाळ्या. दहा गुणिले १५ सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं पळणं. उरलेली साडेबावीस मिनिटं मूल रांगेत उभं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय जोरदार तास चाललाय! आरडाओरडा, टाळ्या, धूळ. पण एका मुलाच्या नजरेनं बघितलं तर तो वाट बघायचा तास आहे.

दुसरं उदाहरण. चाळीस मुलांचं गोल रिंगण आणि एकच चेंडू. दर पाच सेकंदांनी एक फेक धरली तर दहा मिनिटांत १२० फेकी. वाट्याला आल्या प्रत्येकी तीन. आता तीच दहा मिनिटं, पण दोघांत एक चेंडू. प्रत्येक जोडीच्या १२० फेकी, म्हणजे एका मुलाला ६० फेकी आणि ६० झेल. तीन विरुद्ध साठ! वेळ तोच, शिक्षक तेच, मैदानही तेच. फक्त रांग काढून टाकली.

तिसरं उदाहरण सगळ्यात जास्त टोचतं. संगीत खुर्ची. चाळीस मुलं, ३९ फेऱ्या. पहिल्या फेरीत बाद झालेलं मूल पुढच्या ३८ फेऱ्या कडेला बसतं. आणि पहिल्यांदा बाद कोण होतं? ज्याचा पाय हळू आहे, ज्याला ढकललं की पडतो, जी ओढणी सावरते, ज्याला नीट ऐकू येत नाही. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी सराव. गणितात पहिलं उदाहरण चुकलं म्हणून तुम्ही मुलाला तासभर वर्गाबाहेर बसवाल का? मैदानावर आपण हेच करतो, आणि त्याला खेळ म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. त्यातली अडीच मिनिटं रांगेतून मिळाली तर बाकीची कुठून येणार? गावातलं मूल निदान गल्लीत पळतं. फ्लॅटमधल्या कितीतरी मुलांना शाळेचं मैदान हे एकच मैदान असतं.

कच्चा लिंबू आठवतोय?

आपल्या गल्लीत मोठी मुलं खेळायची तेव्हा एखादं धाकटं भावंड मागे लागायचं. त्याला काय करायचे? कच्चा लिंबू! तो खेळात आहे, पळतोय, ओरडतोय, पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. कुणी परिपत्रक काढलं नव्हतं, तरी पोरांनी सगळ्यांना सामावून घेण्याचा नियम स्वतःच शोधला होता.

विषामृतही बघा. विष लागलं की खाली बसायचं, आणि मित्रानं येऊन अमृत दिलं की परत पळायचं. कुणीच कायमचा बाद नाही. उलट दुसऱ्याला सोडवणं हाच खेळातला पराक्रम. नवा आराखडा स्थानिक खेळांवर भर देतो तो फक्त परंपरेच्या अभिमानासाठी नाही. या खेळांना साहित्य लागत नाही, नियम जागेवर बदलता येतात, आणि आजी-आजोबांनाही ते माहीत असतात.

पण कच्चा लिंबूची एक दुखरी बाजूही आहे. पाचेक वर्षांच्या पोराला मजा वाटते. तिसरीतल्या मुलाला मात्र पक्कं कळतं की आपण खेळात आहोत, पण मोजले जात नाही आहोत. म्हणून अभ्यासक्रम आपल्याकडून एक पाऊल पुढचं मागतो: मुलाला सवलत देऊ नका, खेळच असा बदला की त्याची पाळीही खरी पाळी असेल.

हे कसं करायचं? दिव्यांग मुलांना सोबत घेऊन खेळ घेणारे शिक्षक जगभर एक सोपी पद्धत वापरतात. मी तिला चार खुंट्या म्हणतो: जागा, काम, साहित्य, माणसं. खेळ फसतोय असं वाटलं की यातली एक खुंटी हलवायची.

जागा: अंतर कमी करा, चौकोन मोठा करा, भिंतीजवळ घ्या.

काम: पळण्याऐवजी भरभर चालणं, एका हाताऐवजी दोन्ही हातांनी फेकणं.

साहित्य: चेंडू मोठा, मऊ, हलका. कमी दिसणाऱ्या मुलासाठी आत घुंगरू घातलेला.

माणसं: एकट्याऐवजी जोडी, दहाच्या गटाऐवजी चारचा.

एक उदाहरण घेऊ. वर्गात एक मुलगी कॅलिपर लावून चालते आणि तुम्हाला विषामृत घ्यायचंय. तिला कडेला गुण लिहायला बसवणं हा आपला जुना उपाय. आता माणसांची खुंटी हलवा: सगळ्या वर्गानं जोडीनं हात धरून, आणि फक्त चालत खेळायचं. जागेची खुंटीही हलवा: चौकोन लहान करा. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून ती वेगळी दिसत नाही. जोडीनं चालताना वेग आपोआप जुळवावा लागतो, त्यामुळे सुसाट पळणाऱ्या पोरालाही नवीन काहीतरी शिकावं लागतं.

शिकवायचं तरी काय?

प्राथमिक वर्गात क्रिकेटपटू घडवायचा नसतो. मूलभूत हालचाली पक्क्या करायच्या असतात. त्या तीन प्रकारच्या. जागा बदलणाऱ्या: चालणं, धावणं, उडी, लंगडी, बाजूला सरकणं. जागेवरच्या: तोल सांभाळणं, वाकणं, वळणं, ताणणं. आणि वस्तू हाताळण्याच्या: फेकणं, झेलणं, टप्पा देणं, पायानं ढकलणं. योगासनं आणि सूर्यनमस्कार यात छान बसतात, विशेषतः तोल आणि श्वासासाठी. कवायतही चालेल, पण रोज फक्त सावधान-विश्राम केलं तर झेलायला मूल कधी शिकणार?

वाचनात आधी अक्षरओळख, मग कादंबरी. इथेही तसंच आहे. दहाव्या वर्षापर्यंत ज्याला नीट फेकता-झेलता आलं नाही, ते मूल पुढे 'मला खेळात इंटरेस्ट नाही' असं म्हणायला लागतं. कितीतरी वेळा इंटरेस्ट गेलेला नसतो, मुळाक्षरंच राहिलेली असतात.

एक तास, मिनिटा-मिनिटानं

ताई म्हणाली, "अरे, भाषण पुरे झालं. मला सोमवारी तास घ्यायचाय, काय करू ते सांग." म्हणून हा नमुना. विषय: फेकणं आणि झेलणं. वर्ग तिसरी, मुलं ४०.

पहिली ४ मिनिटं: मैदानावर. रांग नाही. प्रत्येकानं मोकळी जागा शोधायची, हात पसरले तर कुणाला लागणार नाही अशी. आज काय शिकायचंय ते एका वाक्यात सांगा.

पुढची ५ मिनिटं: विषामृत, चालत किंवा पळत. हाच वॉर्मअप.

पुढची ११ मिनिटं: जोड्या, प्रत्येकीला एक चेंडू. दर तीन-चार मिनिटांनी एक खुंटी हलवा. आधी जवळून खालून फेक, मग एक पाऊल मागे, मग वरून फेक. ज्यांना जमत नाही त्यांनी पुढेच थांबायचं, ज्यांना सोपं जातंय त्यांनी मागे जायचं. अंतर मुलांनाच ठरवू द्या.

पुढची ९ मिनिटं: लगोरी. पण एक नाही, चार! दहा मुलांना एक लगोरी, पाच विरुद्ध पाच. चेंडू कापडी, मारायचा तो गुडघ्याखाली. लागला तर बाद नाही, त्यानं समोरच्या संघात जायचं.

पुढची ४ मिनिटं: खाली बसून शांत श्वास. दोन प्रश्न: आज काय जमलं? तुला कुणी मदत केली?

शेवटची २ मिनिटं: हात धुणं, पाणी पिणं, वर्गात.

"आणि वीस चेंडू कुठून आणू?" ताईचा पुढचा प्रश्न. जुन्या मोज्यात चिंध्या ठासून सुतळीनं बांधा. कार्यानुभवाच्या तासाला मुलंच बनवतील. लगोरीला फरशीचे तुकडे, हद्दीला वाळू भरलेल्या बाटल्या, रेषांना चुना किंवा रांगोळी. मऊ चेंडूचा एक मोठा फायदा असा की मूल त्याला घाबरत नाही. झेलताना डोळे मिटणाऱ्या मुलांना निम्म्या वेळा फक्त चेंडूची भीती असते.

ताईचे उरलेले प्रश्न

"मला स्वतःला लंगडी घालता येत नाही रे आता. गुडघे दुखतात."

घालू नकोस. ज्या मुलाला येते त्याला करून दाखवायला सांग. तुझं काम बघणं आणि नेमकं एक वाक्य बोलणं: 'उडी मारून खाली येताना गुडघे वाकव.' 'फेकताना उलटा पाय पुढे ठेव.' 'छान, शाब्बास' पेक्षा अशा वाक्याचा उपयोग जास्त होतो.

"पाऊस असतो तेव्हा? आमच्याकडे जूनपासून मैदान म्हणजे तळं."

जागेवरच्या हालचाली ओसरीत किंवा वर्गात बाकं सरकवून घे: तोल, आसनं, 'शिवाजी म्हणतो'. फक्त चुकलं की बाद, हा नियम काढून टाक. चुकलं की एक गुण दुसऱ्या संघाला, मूल खेळतच राहील. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांनो, उन्हाळ्यात हा तास सकाळी पहिलाच घ्या.

"मूल्यमापन? परत एक तक्ता भरायचा?"

पळण्याचे सेकंद लिहायची गरज नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात निरीक्षणाच्या नोंदी आपण आधीपासून करतोच. एका तासाला पाचच मुलं निवड आणि एकच हालचाल बघ. फेकणं असेल तर तीन गोष्टी: नजर लक्ष्यावर आहे का, उलटा पाय पुढे येतो का, अंग वळतं का. आठ तासांत चाळीस मुलं पूर्ण. पुढच्या सत्रात तीच तीन चिन्हं परत बघ. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या नोंदीशी.

"आणि हेडसर म्हणाले की गणिताचं राहिलंय, पीटीचा तास घ्या?"

इथे मात्र मी वेळापत्रकवाला म्हणून बोलतो. स्क्रीनवर कुठेतरी जागा करायची झाली की सगळ्यात आधी ओढून हलवला जातो तो हा चौकोन. आता आपल्या हातात कागद आहे: आराखड्यात हे पूर्ण विषयक्षेत्र आहे. भांडू नका, नोंदी दाखवा. 'सर, या आठवड्यात एवढ्या मुलांना झेल जमत नाही, हा तास गेला तर त्यांचा सराव राहील.' गणिताच्या शिक्षिकेनं असं बोललं तर जसं ऐकलं जातं, तसं हेही हळूहळू ऐकलं जाईल.

आणि दोन गोष्टी कृपा करून बंद करा. मस्ती केली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, आणि गृहपाठ केला नाही म्हणून खेळाच्या तासाला वर्गात बसवणं. पहिल्यात मूल शिकतं की पळणं ही शिक्षा आहे. दुसऱ्यात शिकतं की खेळ ही लाच आहे.

मग स्पर्धा नकोच का?

असं अजिबात नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. ही नावं वर्गात जरूर सांगा. मुलांचे डोळे चमकतील.

पण खो-खोचा पूर्ण सामना चाळीस मुलांना लावून बघा. एक जण पाठलाग करतोय, तिघं पळतायत, आठ जण बसलेत, बाकीचे टाळ्या वाजवतायत. मोठ्यांसाठी तो डाव अप्रतिम आहे. तिसरीसाठी त्याचे तुकडे करा: पाच मुलं बसलेली, एक पाठलागाला, दोन पळणारी, असे पाच छोटे डाव एकाच वेळी. आठ पंचे चाळीस, सगळा वर्ग खेळात. दर दोन मिनिटांनी जागा बदला. स्पर्धा आहेच, फक्त प्रेक्षक नाहीत. पुढे ज्याला खरंच विश्वचषकापर्यंत जायचंय त्याचा पायाही इथेच पक्का होतो, आणि ज्याला जायचं नाही त्याला निदान आयुष्यभर पळायची लाज वाटणार नाही.

या आठवड्याचं काम

शिक्षक मंडळी, पुढच्या तासाला मोबाइलचं स्टॉपवॉच काढा. वर्गातलं एकच मूल निवडा. सगळ्यात चपळ नको, कडेला उभं राहणारं निवडा. ते हलायला लागलं की घड्याळ सुरू, थांबलं की बंद. तासाच्या शेवटी आकडा बघा आणि वहीत लिहा. मुलाला सांगू नका, कुणाला दाखवूही नका. त्याच्या पुढच्या आठवड्यात फक्त एक रांग मोडा, आणि त्याच मुलासाठी परत मोजा.

आणि जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी: तुमच्या गावात, वाडीत, चाळीत खेळला जाणारा एखादा खेळ आठवा. नियम नीट सांगणारी एक मिनिटाची व्हॉइस नोट करा आणि ओळखीच्या एका शिक्षकाला पाठवा. आट्यापाट्या, डबा ऐसपैस, सूरपारंब्या, काहीही चालेल. प्रत्येक गावाचे नियम वेगळे असतात, तेच हवेत. सोबत हेही सांगा, की तुमच्याकडे कच्च्या लिंबाला काय म्हणायचे आणि त्याला खेळात कसं घ्यायचे.

दोन्ही आठवड्यांचे आकडे आमच्याकडेही पाठवा. शाळेचं आणि मुलाचं नाव नको, फक्त मिनिटं. पुढच्या एका भागात ते सगळे वाचून दाखवेन.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर हेडफोन काढा आणि जरा पाय मोकळे करून या!